तुमच्या पत्रात एक आकडा राहून गेलाय

पत्र थोडक्यात असं आहे. वय ३८, नऊ महिन्यांपूर्वी तिरंदाजी सुरू केली, ती थेट कंपाउंडनेच, म्हणजे चाकांच्या धनुष्याने. सध्या क्लबचा बो (धनुष्य) वापरतायत, ३६ पाउंडावर लावलेला, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो, तोच बो आणखी तिघंजण वापरतात. १८ मीटरवर बाण बरे बसतात पण ५० मीटरवर डावीकडे-उजवीकडे पसरतात आणि स्कोर तीन महिने आहे तिथेच आहे. आता स्वतःचा बो घ्यायचाय, पैसे साठवलेत, पुन्हा इतके लवकर साठणार नाहीत म्हणून एकदाच काय तो चांगला घ्यायचाय. रेंजवरच्या एका मित्राने नवा बो सुचवलाय, ३१ इंची, ५० ते ६० पाउंड, ३४५ एफपीएस स्पीड, ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर हातातलं वजन किती उतरतं ते), आणि वर सांगितलंय की कमी पाउंडेजचा घ्याल तर सहा महिन्यांत रडाल. कोच सरांनी एक सेकंडहँड टार्गेट बो सुचवलाय, ३८ इंची, ४० ते ५० पाउंड, चार वर्षं वापरलेला, सध्या २८ इंच ड्रॉ लेंथला (स्ट्रिंग किती मागे खेचली जाते ते माप) लावलेला. व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय, चार महिने निर्णय होत नाही, रेंजवर जो तो विचारतो "घेतला का?" आणि आता तिथे जायचीच लाज वाटायला लागलीय. शेवटची ओळ अशी: "या दोनपैकी कुठला घेऊ ते एकदाचं सांगून टाका. माझी उंची पाच फूट चार इंच आहे."

एकदाचं सांगून टाका म्हणालात तर सांगते, आहेत तशा अवस्थेत दोन्ही नकोत. रागावू नका, पुढे वाचा, कारण त्यातला एक थोड्या खटपटीने तुमचा होऊ शकतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन आकड्यांखाली रेघा मारत वाचलं. स्पीड पाच वेळा आलाय, पाउंड तर जागोजागी, बोची लांबी आहे, लेट-ऑफ आहे, मॉडेल कितव्या वर्षीचं तेही आहे. तुमची स्वतःची ड्रॉ लेंथ मात्र कुठेच नाही. त्या सेकंडहँड बोची आहे, २८ इंच, पण तुमची नाही. म्हणजे चार महिने तुम्ही बोंची मापं गोळा करताय आणि ज्या अंगाला तो बसायचाय त्या अंगाचं माप घ्यायचं राहूनच गेलं. क्लबच्या बोवर शिकणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. चौघांसाठी एक बो असला की तो कुणाच्याच मापाचा नसतो, आणि ज्याला त्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये.

कंपाउंडमध्ये हा आकडा इतका का महत्त्वाचा ते आधी सांगते, कारण व्हिडिओवाले ते दोन वाक्यांत उरकतात आणि मग अर्धा तास रंगांवर बोलतात. रिकर्व्ह (चाकं नसलेलं धनुष्य) खेचताना तुम्ही जिथे थांबाल तिथे तुमची ड्रॉ लेंथ, शरीर ठरवतं. कंपाउंडमध्ये ते कॅम, म्हणजे बोच्या टोकाचं चाक, ठरवतो. कॅम फिरतो, मध्ये वजन चढतं, मग एकदम उतरतं, आणि शेवटी तो अडतो, त्याला वॉल म्हणतात, आणि ती खरोखर भिंतच असते. तिच्यापुढे जाता येत नाही, तिच्या अलीकडे रेंगाळलात तर बो हात ओढून पुढे नेतो. म्हणजे ती भिंत कुठे उभी आहे यावर तुमचं कोपर कुठे जाणार, खांदा कुठे राहणार, मान सरळ राहणार की मागे पडणार हे सगळं ठरतं. अमेरिकेत हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६९ मध्ये या चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळवलं, तेव्हापासून बोचं रूप पार बदललं, पण ही एक गोष्ट तशीच आहे, यंत्र तुमच्याशी जुळवून घेत नाही, ते आधी जुळवावं लागतं.

माझा पहिला बो मी असाच घेतला होता. विकणाऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाला तुम्हाला सत्तावीस होईल. झालं, सत्तावीस! पहिल्या आठवड्यात डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, स्ट्रिंग लागून जांभळा पट्टा उठला, मी आर्मगार्ड मोठा घेतला. बाण डावीकडे जायचे, मी साइट (नेम धरायचं साधन) सरकवली. मग उजवीकडे जायला लागले, मी बाण बदलले. अशी अडीच महिने मजा झाली आणि शेवटी रेंजवरच्या एका वयस्कर काकांनी, जे कुणाशी फार बोलायचे नाहीत, माझा बाजूने एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. फोटोत मी बाण मारतेय असं वाटतच नव्हतं, कुणीतरी मला मागून केसाला धरून खेचतंय असं वाटत होतं. कंबर पुढे, डोकं मागे, हनुवटी वर, पुढचा खांदा कानाला लागलेला. माझं माप साडेपंचवीस निघालं. दीड इंच. कॅमवरचं मॉड्यूल, म्हणजे माप ठरवणारा तुकडा, बदललं आणि त्याच दिवशी हाताचं लागणं बंद झालं.

तेव्हा माप घ्या. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरा, ताणायचे नाहीत, सहज, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावून कुणाला तरी इंचात मोजायला सांगा. त्याला अडीचने भागा. तुमचे हात उंचीइतकेच लांब आहेत असं धरलं तर ६४ भागिले २.५, म्हणजे २५.६. ही सुरुवात आहे हं, निकाल नाही. कुणाचे हात उंचीपेक्षा लांब असतात, कुणाची मान आखूड असते, आणि मनगटाला बांधायचा रिलीज (स्ट्रिंग सोडायचं साधन) वापरता की हातात धरायचा यानेही हात जबड्याला कुठे टेकतो ते बदलतं. खरं माप बाजूच्या फोटोत कळतं, फुल ड्रॉला, म्हणजे बो पूर्ण ओढलेला असताना. मागच्या हाताचं कोपर आणि बाण एका रेषेत आहेत का, डोकं न हलवता स्ट्रिंग नाकाच्या शेंड्याला आपोआप लागते का, पुढचा खांदा खाली आहे का, वजन दोन्ही पायांवर आहे का. माप मोठं असलं की माणूस मागे कलतो, लहान असलं की सगळं आखडतं, पुढचं कोपर वाकतं आणि बो हातात थरथरत राहतो. अर्ध्या इंचाने फरक पडतो, बऱ्याच जणांना पाव इंचानेही पडतो.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे बघा. सरांनी सुचवलेला बो २८ ला लावलाय. तुम्हाला लागणार २५.५ ते २६. म्हणजे आहे तसा घेतलात तर माझ्या दीड इंचाच्या जागी दोन-अडीच इंचाचा घोळ, माझा जांभळा पट्टा तुमच्याकडे जास्तच भडक उठेल. सरांनी बहुतेक बोची तब्येत बघून सुचवला असेल, माप नंतर बदलू म्हणून. पण ते बदलता येतं का हे प्रत्येक कॅमवर अवलंबून आहे. काही कॅमवर एकच मॉड्यूल फिरवून वेगवेगळ्या खाचांत बसवायचं असतं, काहींना प्रत्येक मापाचं वेगळं मॉड्यूल लागतं, आणि काही कॅम लहान-मोठ्या साइजमध्येच येतात, मोठा कॅम असेल तर तो २७ च्या खाली उतरतच नाही, काय वाट्टेल ते करा. हा एक प्रश्न सरांना विचारा, बाकी सगळं त्यानंतर.

पाउंडेजचं बघू, कारण मला वाटतं तुमच्या मित्राचा मुद्दा तुम्हाला तिथे बोचलाय. पत्रात एक वाक्य आहे, "कॉलेजची पोरं पंचावन्न ओढतात आणि मी छत्तीस." बरं मग? जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात कंपाउंडसाठी ६० पाउंड ही वरची मर्यादा आहे, ती पास व्हायची परीक्षा नाहीये. फेसवर, म्हणजे निशाणाच्या कागदावर, बाण कुठे लागला त्याचे मार्क असतात, किती ओढलं त्याचे शून्य. ५० मीटरवरचा कंपाउंडचा फेस ८० सेंटिमीटरचा, त्यातलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर, आणि मुख्य राउंडला बाण ७२. शेवटच्या बारा बाणांना खांद्याची काय अवस्था असते त्यावर स्कोर ठरतो, पहिल्या बाराला सगळेच हिरो असतात. आणि ७२ मोजू नका, त्याआधीचे प्रॅक्टिसचे बाण धरा, आणि ज्या वेळी जमत नाही म्हणून न सोडता परत खाली उतरवलात ते धरा, ते खाली उतरवणं तर ओढण्यापेक्षा जड, कारण भिंतीवरून निघालं की कॅम एकदम हिसका देतो.

तुम्हाला किती पाउंड झेपतं ते बघायची एक साधी पद्धत आहे. खुर्चीवर बसा, बटसमोर (बाण ज्यात रुततात तो जाड आधार), बाण लावून (कायम बाण लावूनच), बो निशाणाच्या उंचीला धरा आणि तिथूनच सरळ मागे ओढा, आकाशाकडे उचलून नाही, पाय झटकून नाही. ओढता आलं तर वीस सेकंद धरा, मग हळू खाली उतरवा. हे सराव संपल्यावर करा, ताजंतवानं असताना नाही. जिथे बो वर उचलावाच लागतो तिथून तीन-चार पाउंड खाली या, ते तुमचं आत्ताचं वजन. आकाशाकडे ओढणं नुसतं वाईट दिसतं असं नाही, चुकून रिलीज सुटला तर बाण बटच्या वरून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून स्पर्धेत पंच त्याला हरकत घेतात. माझा अंदाज तुम्ही ३८ ते ४२ च्या मध्ये कुठेतरी निघाल, आणि ४० ला नीट जुळवलेला बो ५० मीटरला बाण व्यवस्थित पोचवतो, त्याची काळजी नको.

मग ५० ते ६० चा बो घेतला आणि स्क्रू ढिले करून ४० ला आणला तर? नाही येत. लिंबचे बोल्ट (लिंब म्हणजे वरच्या-खालच्या पात्या, अंगणातला नव्हे) ठरावीक फेऱ्यांपर्यंतच ढिले करायचे असतात, साधारण दहा पाउंडाची रेंज मिळते, त्यापुढे बोल्ट बाहेर यायचा धोका असतो. म्हणजे तो बो ५० पासूनच सुरू होतो आणि आज तुम्ही ३६ वर आहात. एका उडीत चौदा पाउंड! सहा महिन्यांत रडाल असं मित्र म्हणतो, मला वाटतं सहा आठवड्यांत खांद्याच्या डॉक्टरकडे जाल. ४० ते ५० चे लिंब तुम्हाला पुढची दोन-तीन वर्षं आरामात पुरतील, आणि नाही पुरले तर बऱ्याच बोंचे लिंब नंतर बदलता येतात.

लेट-ऑफबद्दल एक गंमत आहे जी उलटी वाटते. ८० टक्के लेट-ऑफ म्हणजे ४० पाउंडाचा बो फुल ड्रॉला हातात फक्त ८ पाउंड लागतो. ऐकायला छान, पण टार्गेटवाल्यांना बरेचदा इतकं हलकं नको असतं, मागे ओढ कमी असली की पुढे सगळं सैल पडतं आणि स्कोपमधला (साइटच्या भिंगातला) ठिपका माशीसारखा फिरतो. ७० टक्के असेल तर तेच १२ पाउंड होतात, थोडी ओढ राहते, पाठीने ओढत राहायला काहीतरी असतं. पन्नास-साठ ओढणाऱ्याला ८० टक्के ठीक, तुमच्या वजनाला मी ६५ ते ७५ च्या मधलं बघेन, काही कॅमवर ते बदलताही येतं.

आता स्पीड. ३४५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३४५ फूट. हा आकडा कसा काढतात माहितीये? ७० पाउंड ड्रॉ वेट, ३० इंच ड्रॉ लेंथ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलका बाण लावून. ढोबळ हिशोब असा की ड्रॉ लेंथ एक इंच कमी झाली की साधारण १० एफपीएस जातात आणि एक पाउंड कमी झाला की साधारण २. तुम्ही ३० ऐवजी २६ वर, ४० गेले. ७० ऐवजी ४० वर, ६० गेले. राहिले २४५, त्यातून स्ट्रिंगवर पीप (डोळ्यासमोरचं बघायचं भोक) आणि डी-लूप (रिलीज अडकवायची दोरी) बसला की अजून थोडे जातात, बाण हलका असेल तर थोडे परत येतात. म्हणजे ज्या ३४५ साठी तुम्ही चार महिने झुरताय तो आकडा तुमच्या हातात कधी येणारच नाही, तो बो कितीही घ्या. आणि बाण खूप हलका करून स्पीड वाढवायचा मोहही नको, ड्रॉ वेटच्या प्रत्येक पाउंडामागे निदान ५ ग्रेन बाण असावा असा दंडक आहे, त्याखाली गेलं की बोच्या दृष्टीने ते जवळजवळ बाणाशिवाय सोडण्यासारखं होतं. तसंही तुम्हाला ५० मीटर मारायचंय, अंतर माहितीय, बट कुठे पळून जात नाही. ज्या प्रकारांत अंतर न सांगता मारायचं असतं, थ्री-डी वगैरे, तिथे वेगवान बाणामुळे अंदाज चुकला तरी थोडं सांभाळलं जातं. इथे साइटला एकदा खूण केली की झालं.

वेगवान बोची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. त्यांची ब्रेस हाइट, म्हणजे बो न ओढता ग्रिपपासून स्ट्रिंगचं अंतर, बरेचदा सहा इंचांच्या आसपास असते. टार्गेट बोची सातच्या आसपास किंवा वर. अंतर कमी म्हणजे बाण सुटल्यावर स्ट्रिंगला जास्त वेळ चिकटून राहतो, आणि तेवढ्या वेळात तुमचा हात जे काही वेडंवाकडं करेल ते सगळं बाणाला लागतं. तसंच लांबीचं. ३१ इंची बो आखूड, पटकन वळतो, दाट झाडीत फिरायला केलेला असतो, आणि फुल ड्रॉला त्याची स्ट्रिंग नाकाजवळ इतका तीव्र कोन करते की माणूस तिला शिवायला मान पुढे ढकलतो. ३६ ते ४० इंची बो हातात शांत राहतो. मात्र इथे सरांचंही सगळंच ऐकू नका, ३८-४० ची खरी गरज मोठ्या ड्रॉ लेंथवाल्यांना असते, तुमच्या साडेपंचवीसला ३५-३६ इंची बोही चांगला कोन देतो आणि वजनाला हलका पडतो. वजन विसरू नका, नुसता बो चार-पाच पाउंडाचा, त्यावर साइट, स्कोप, पुढचा लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा), मागचा बार लागला की सात-आठच्या घरात जातो आणि तो डाव्या हाताने तोलून धरायचा असतो. आणि हो, मित्राने सुचवलेला जर पानाफुलांच्या कॅमोफ्लाज रंगात असेल तर जागतिक संघटनेच्या स्पर्धांत तसं सामान चालत नाही. आज तुम्हाला तिथे जायचं नसेलही, पण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येतंय, मिश्र सांघिक, त्यामुळे स्पर्धा वाढणार आणि पुढेमागे तुम्हालाही उतरावंसं वाटणार, तेव्हा रंगासाठी अडून बसायला नको.

आता जरा अवघड प्रश्न विचारते. बाण डावीकडे-उजवीकडे पसरतात तो क्लबच्या बोचा दोष आहे हे कशावरून? नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही, कारण कंपाउंडमध्ये कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं, माझं होतंच. पण डावं-उजवं बहुतेकदा तीन ठिकाणांहून येतं. एक, स्कोपमधल्या लेव्हलचा (बो सरळ आहे का ते दाखवणारी नळी) बुडबुडा मध्ये नाही, बो कलतोय, १८ ला ते झाकलं जातं, ५० ला उघडं पडतं. दोन, ग्रिप. बो पकडायचा नसतो, अंगठ्याच्या बाजूच्या मांसल भागावर टेकवायचा असतो, मुठीत आवळला की दर बाणाला थोडा वेगळा पिळतो. तीन, ठिपका पिवळ्यात आला की रिलीजचं बटण चटकन दाबणं. हे तिन्ही नव्या बोबरोबर फुकट मिळतात. दोन आठवडे पाच-सात मीटरवर, बटवर फेस न लावता, फक्त बुडबुडा आणि ग्रिप बघत मारा, कुणाला तरी मोबाइलवर मागून शूट करायला सांगा, आणि मग पुन्हा ५० ला जा. पसारा कमी झाला तर बो निर्दोष सुटला. नाही झाला तर बहुतेक ड्रॉ लेंथ, आणि तुमची तक्रार खरी. दोन्हीकडून फायदा तुमचाच आहे, कारण खरेदीला जाताना काय दुखतंय ते तुम्हाला माहीत असेल.

दुसरं गृहीतक, "एकदाच काय तो चांगला." पैसे कष्टाने साठवलेत, ते समजतं, पण पहिला बो शेवटचा ठरल्याचं मी फार कमी वेळा बघितलंय, आणि ते ठीकच आहे, वर्षभरात तुमचा फॉर्म बदलतो, वजन वाढतं, काय आवडतं ते कळतं. मात्र बोच्या भोवतीचं बरंचसं सामान पुढच्या बोवर जातं. साइट, स्कोप, स्टॅबिलायझर, आणि सगळ्यात आधी रिलीज. मी तर म्हणेन रिलीज आजच घ्या, बोची वाट बघू नका, हातात धरायचा, अंगठ्याचा, तुमच्या हाताच्या साइजचा, क्लबच्या बोवरही तो तुमचाच राहील. बो मधल्या फळीतला घ्या आणि उरलेलं चांगल्या साइटवर घाला, उलट करू नका. बाण मात्र सुरुवातीला सहाच घ्या. बाणाचा ताठपणा, स्पाइन, हा ड्रॉ वेट आणि ड्रॉ लेंथवर ठरतो, तुम्ही ४० वरून ४६ ला गेलात की ते बाण मऊ पडतील, मग डझनभर घेऊन काय करायचंत.

सेकंडहँडला नाक मुरडू नका, चार वर्षं म्हणजे बोला फार नाही. पण बघून घ्या, आणि चांगल्या उजेडात. कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिंबांच्या कडांवरून हळूच फिरवा, जिथे तंतू अडकतो तिथे चीर सुरू झालीय, तो बो तिथेच ठेवून या. कॅमच्या कडेवर बोट फिरवा, खाच किंवा वाकलेपण लागलं तर बहुधा कधीतरी ड्राय फायर झालाय, म्हणजे बाणाशिवाय सोडलाय. मी एकदा एका पोराच्या हातून तसं होताना शेजारून बघितलंय, आवाज फटाक्यासारखा आला, स्ट्रिंग कॅमवरून उतरून लोंबत होती आणि तो नुसताच आपल्या हाताकडे बघत उभा. त्याला काही झालं नाही ही मोठीच गोष्ट. म्हणून कुणाचाही बो "बघू कसा आहे" म्हणून बाणाशिवाय ओढायचा नाही, मालकाने दिला तरी. स्ट्रिंग आणि केबल्स लोकरीसारख्या फुगल्या असतील, सर्व्हिंगचा (स्ट्रिंगवर गुंडाळलेला) दोरा सरकून फटी दिसत असतील, तर नवा संच घालावाच लागणार, तेवढे पैसे वजा करूनच बोला. आणि घरी काही उघडायचं नाही, बो प्रेसशिवाय (बो दाबून धरणारं यंत्र) स्ट्रिंगला हात लावायचा नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण अशी पत्रं बरीच येतात. मुलासाठी किंवा मुलीसाठी घेत असाल आणि वय वाढीचं असेल तर ज्या बोची ड्रॉ लेंथ प्रेसशिवाय मोठ्या टप्प्यात वाढवता येते तोच घ्या, ठरावीक मापाच्या कॅमचा भारीतला बो वर्षात लहान होतो. उजव्या हाताचे असूनही डावा डोळा जोरकस असेल तर बो घ्यायच्या आधी कळायला हवं, दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून लांबची वस्तू त्यात धरा आणि एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणात राहते तो तुमचा डोळा. तो उलटा निघाला तर डाव्या हाताचा बो की डोळा झाकणं हे कोचबरोबर ठरवा, एकदा उजव्या हाताचा घेतला की तो डावा होत नाही. आणि खांदा आधीच दुखत असेल तर पाउंड कमी करायला आठवडाभरही थांबू नका.

परत तुमच्याकडे येते. मित्राचा ३१ इंची बो राहू द्या, त्याला सांगा ड्रॉ लेंथवरून अडलं, त्यालाही राग येणार नाही आणि खोटंही नाही. रेंजवर "घेतला का" विचारणाऱ्यांना सांगा मापं चाललीत. सरांचा बो २५.५-२६ ला उतरत असेल, लिंब स्वच्छ असतील, आणि खुर्चीवर बसून त्याचं खालचं ४० ओढता येत असेल तर घ्या, ३८ इंची असला तरी चालेल, जड वाटला तर आधी हलका स्टॅबिलायझर लावा. उतरत नसेल तर सरांना वाईट वाटेल म्हणून घेऊ नका, ३५ ते ३७ इंची, ४० ते ५० पाउंडाचा, सात इंचांच्या आसपास ब्रेस हाइटचा दुसरा शोधा, नवा किंवा जुना.

आज संध्याकाळी घरच्या कुणाला तरी टेप धरायला बोलवा. आकडा मिळाला की उद्या रेंजवर त्या बोचा कॅम जवळून बघा, मॉड्यूलवर बारीक अक्षरात माप किंवा एखादं अक्षर कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि मालकाला विचारा बाकीची मॉड्यूल्स आहेत का, "नाहीत" म्हणाला तरी बोची बॅग एकदा उलटी करायला सांगा, बऱ्याचदा ती तळाला, ॲलन कीच्या पिशवीत, कागदात गुंडाळून पडलेली असतात.